औषध कोणापर्यंत पोहोचते?

टक्कल पडणे हा काय समाजवादी साप्ताहिकाच्या विचारपानाचा विषय झाला, असा प्रश्न काही साथी विचारतील. उसाचा दर, विजेचे बिल, रोजगार हमीची थकलेली मजुरी असे सारे समोर असताना सुखवस्तूंच्या टाळूची चिंता आपण का वाहावी? प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे की, ही चिंता केवळ सुखवस्तूंची राहिलेली नाही. आणि दुसरे असे की, औषधविज्ञान कोणाच्या तालावर चालते हे या एका विषयात जितके स्पष्ट दिसते तितके क्षयरोगाच्या किंवा कर्करोगाच्या चर्चेतही दिसत नाही. तेथे करुणेची भाषा आड येते. येथे निव्वळ हिशेब उघडा पडतो.

केस हा आपल्या समाजात कधीच केवळ शरीराचा विषय नव्हता. विधवांचे केशवपन हा एकेकाळी धर्माचा आदेश मानला जात असे, आणि त्याविरुद्ध १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने वस्तरा खाली ठेवला होता. आज तो आदेश गेला. बाजाराचा आदेश आला. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यात गंमत पाहिली. आमच्या फलटण-माळशिरस पट्ट्यात ज्यांच्या घरी पंचविशी-तिशीचे शेतकरी मुलगे आहेत त्यांना त्यात गंमत दिसली नाही. शेती करणाऱ्या मुलाला आधीच मुलगी मिळत नाही. त्यात कपाळ मागे सरकू लागले की स्थळ आणखी दूर जाते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा मुलगा कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. शहरातील एका केशोपचार केंद्राने त्याला सहा महिन्यांचे ‘पॅकेज’ दिले आणि त्याच टेबलावर कर्जाचे कागदही पुढे केले. पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात जातो. त्याला चंगळवादी म्हणावे असे मला वाटत नाही.

आता मूळ औषधाकडे येऊ. मिनॉक्सिडिल हे टकलावरचे औषध म्हणून जन्मलेच नाही. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने ते रक्तदाबासाठी आणले, आणि १९७९ मध्ये गोळीच्या रूपात त्याला तेथे मान्यता मिळाली. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथेही केस उगवू लागले. एखाद्या सरकारी दवाखान्यात असा दुष्परिणाम नोंदवहीत लिहिला गेला असता आणि वही कपाटात गेली असती. कंपनीने त्यात बाजार पाहिला. १९८८ मध्ये टाळूला लावण्याचे द्रावण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि १९९६ पासून चिठ्ठीशिवाय, अमेरिकेच्या दुकानांत विकले जाऊ लागले.

पण द्रावण लावले म्हणून औषध पोहोचले असे होत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध पदार्थांचा असतो. विटा आणि चुना यांच्या भिंतीसारखा. बाहेरचे आत येऊ नये यासाठीच तो आहे, आणि औषध व विष यांत तो भेद करीत नाही. मिनॉक्सिडिलचा मोठा भाग या भिंतीबाहेरच सुकून जातो. ते विरघळावे म्हणून अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरले जाते, त्याने पुष्कळांची टाळू खाजते, सोलते. शिवाय आत शिरलेले औषध तसेच कामाला येत नाही; केसाच्या मुळाशी असलेले एक विकर त्याचे सल्फेटात रूपांतर करते तेव्हा ते सक्रिय होते. ज्यांच्या मुळाशी हे विकर कमी, त्यांनी बाटल्या रिचवल्या तरी फारसे काही होत नाही. आणि ज्यांना गुण येतो त्यांनाही ते दिवसातून दोनदा, कायम लावावे लागते. थांबवले की काही महिन्यांत आलेले केस गळून जातात.

म्हणून गेली दोन-तीन दशके संशोधकांची सारी बुद्धी ‘पोहोचवण्या’वर खर्च होत आहे. औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांत, म्हणजे लायपोझोममध्ये, भरून पाहिले गेले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कण तयार केले गेले. असे कण ठरावीक आकाराचे असले तर रोमकूपात खोल उतरतात आणि केसाची हालचालच त्यांना पंपासारखी आत ढकलते, असे बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांना दिसून आले. रोमकूप हे छिद्र नसून कोठार आहे, कण तेथे दिवसेंदिवस राहून औषध थोडे थोडे सोडतात, ही कल्पना खरोखर सुंदर आहे. सौम्य विद्युत्प्रवाहाने औषध आत ढकलणे, सूक्ष्म सुयांची पट्टी चिकटवणे, असेही मार्ग चोखाळले जात आहेत. विज्ञानाच्या या कौशल्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझा वाद त्या कौशल्याचा मालक कोण, याविषयी आहे.

या विषयातील एक महत्त्वाचे पाऊल परदेशी प्रयोगशाळेत पडलेले नाही. ते मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात पडले. धारावीच्या शेजारी, मुंबईकरांच्या करातून चालणाऱ्या रुग्णालयात. तेथील त्वचारोग विभागाच्या डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पाच टक्के मिनॉक्सिडिल दोन वेळा लावण्यास दिले. उरलेल्यांना तेच औषध, आणि जोडीला आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर लांबीच्या बारीक सुयांचा छोटा रूळ टाळूवरून फिरवला. बारा आठवड्यांनी ठरावीक क्षेत्रातील केस मोजले तेव्हा पहिल्या गटात सरासरी २२ केसांची वाढ होती, दुसऱ्या गटात ९१ केसांची. अभ्यास प्राथमिक होता, मुदत थोडी होती, हे खरे. तरीही जगभरच्या संशोधकांनी पुढे तो आधाराला घेतला. सुयांनी पडलेल्या सूक्ष्म छिद्रांतून औषध आत जाते हे तर झालेच. त्या किंचित जखमांमुळे त्वचेची स्वतःची भरून येण्याची यंत्रणाही जागी होते, असे मानले जाते.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. रुग्णालय सार्वजनिक, डॉक्टरांचे वेतन सार्वजनिक, रुग्ण सामान्य, औषध पेटंटमुक्त, साधन म्हणजे सुयांचा एक साधा रूळ. या ज्ञानाचा पुढचा स्वाभाविक टप्पा कोणता असायला हवा होता? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील त्वचारोग तपासणीत निर्जंतुक साधनाने, प्रशिक्षित हाताने हा उपचार माफक दरात मिळणे. प्रत्यक्षात झाले ते असे की, रूळ ऑनलाइन बाजारात सुटा मिळू लागला, कोणीही तो आरशासमोर उभे राहून डोक्यावर फिरवू लागला, आणि एकच रूळ घरातले दोघे-तिघे वापरू लागले. रक्त काढणाऱ्या साधनाबाबत याचा अर्थ काय होतो हे सांगायला वैद्य लागत नाही. दुसऱ्या टोकाला झगमगीत केंद्रांनी तोच रूळ, एखादे ‘नॅनो’ म्हणवणारे सीरम आणि वातानुकूलित खोली एकत्र करून त्याची किंमत हजारांत नेली. ज्ञान समाजाने निर्माण केले. त्यावरचा खंड खासगी भांडवल वसूल करते. शेतजमिनीच्या खंडाविरुद्ध लढलेल्या चळवळीला ही रीत अपरिचित वाटू नये.

आणि गिऱ्हाईक किती आदर्श! जो रोगी मरतो तो गिऱ्हाईक म्हणून गेला. जो बरा होतो तोही गेला. टक्कल माणसाला मारीत नाही आणि औषध ते बरे करीत नाही. बाटली संपली की नवी आणावीच लागते. मागणीची लवचीकता शिकवताना आम्ही मिठाचे उदाहरण देत असू. आता हे उदाहरण द्यावे.

याच अर्थशास्त्राची एक विनोदी बाजूही आहे. इतक्या कण, पट्ट्या आणि विद्युत्प्रवाहानंतर अलीकडे अनेक त्वचारोगतज्ज्ञ पुन्हा जुन्या गोळीकडेच वळले आहेत. रक्तदाबासाठी लागे त्याहून पुष्कळ कमी मात्रेत मिनॉक्सिडिलची गोळी दिली तर त्वचेची भिंत ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. ती स्वस्त आहे. हृदय व सूज यांची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावी लागते, हे बजावले पाहिजे. पण तिचा फलक मला फलटणच्या बसस्थानकाच्या आसपास कोठे दिसलेला नाही. फलक आहेत ते सीरमचे आणि तेलांचे. पेटंट संपलेल्या गोळीचा ढोल कोण वाजवणार?

आता रक्तदाबाच्या दुसऱ्या एका औषधाची कथा ऐकावी. प्राझोसिन हेही १९७० च्या दशकातले रक्तदाबाचे औषध. त्याच काळात, १९७६ मध्ये, रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, हृदय निकामी होऊन, फुप्फुसात पाणी साचून मरत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे नोंदली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिले आणि १९८६ मध्ये तेही त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, तेथे मृत्यू एक-दोनांवर आले. कोकणातल्याप्रमाणे आमच्या माण-खटावच्या माळरानावर दगड उचलणाऱ्या मजुराचाही हा प्रश्न आहे.

दोन औषधे, दोन्ही रक्तदाबाची, दोहोंचा अनपेक्षित उपयोग एकाच काळात उमगलेला. एकाभोवती जगभर व्यापार उभा राहिला आणि ते टाळूत अर्धा मिलिमीटर अधिक खोल कसे जाईल यावर आजही संशोधन होत आहे. दुसऱ्याने मुले वाचवली. त्याच्यासाठी कोणत्याही कंपनीने रंगीत पत्रक काढले नाही, कारण विंचू चावलेल्या कातकऱ्याला एक-दोन दिवस गोळ्या लागतात आणि तो बरा होऊन घरी जातो. बाजारव्यवस्थेचे समर्थक म्हणतात, मागणी तेथे पुरवठा. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही त्यांना सांगेल की बाजार गरज ऐकत नाही, पैशाने बोललेली मागणी तेवढी ऐकतो. खुद्द बिल गेट्स यांनी २०१३ मध्ये लंडनमध्ये हे कबूल केले होते की, टकलावरील संशोधनाला मलेरियापेक्षा अधिक पैसा मिळतो. आमच्या पक्षाचे सभासद नसलेल्या गृहस्थाची ही साक्ष आहे.

‘पण चैनीच्या संशोधनातूनच उपयुक्त तंत्रे जन्मतात’ हा त्यावरचा नेहमीचा प्रतिवाद. तो तपासून पाहू. सूक्ष्म सुयांच्या पट्टीने गोवर-रुबेलाची लस देण्याची चाचणी गांबिया या आफ्रिकी देशात झाली, आणि २०२४ मध्ये तिचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शीतपेटी आणि सुईची सिरिंज यांवाचून डोंगरातल्या पाड्यावर लस पोहोचण्याची शक्यता त्यातून दिसते. मात्र त्या चाचणीमागचा पैसा बाजाराचा नव्हता, धर्मादायाचा होता. लायपोझोमचे उदाहरण तर आपल्या अंगावरचे आहे. मे २०२१ मध्ये कोविडमागोमाग म्युकरमायकोसिसची, काळ्या बुरशीची, साथ महाराष्ट्रात पसरली. ॲम्फोटेरिसिन हे औषध नुसते दिले तर मूत्रपिंडाला इजा करते. लायपोझोममध्ये भरून दिले तर रुग्णाला ते सोसते. म्हणजे ज्या स्निग्ध गोळीत भरून मिनॉक्सिडिल टाळूत उतरवण्याचे प्रयोग चालतात, तीच गोळी येथे डोळा आणि प्राण वाचवणार होती. त्या महिन्यात या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव हिंडत होते, आणि केंद्र सरकार राज्यांना कुप्या मोजून वाटत होते. तंत्र अस्तित्वात होते. कारखानेही होते. उत्पादनाची क्षमता समाजाच्या हाती नव्हती.

ती कधीच नव्हती असे नाही. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली. बुरशीवरचे हॅमायसिन हे औषध तिच्याच प्रयोगशाळेत शोधले गेले. १९७५ च्या हाथी समितीने औषधनिर्मितीत सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान द्यावे आणि व्यापारी नावांऐवजी औषधे मूळ नावाने विकावीत, असे सुचवले होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवरचे पेटंट नाकारून केवळ प्रक्रियेवर ठेवले आणि त्यातून भारतीय औषध उद्योग वाढला. २००५ मध्ये वस्तूवरचे पेटंट परत आले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीचा कारखाना विकण्याचा निर्णय घेतला. आणि त्या कायद्याच्या छायेत मोठे झालेले भांडवल काय करते? मुंबईच्या सन फार्माने २०२३ मध्ये अमेरिकेतील कॉन्सर्ट ही कंपनी सुमारे ५७ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. तिचे प्रमुख धन होते ड्युरुक्सोलिटिनिब, चाई पडण्यावरचे औषध. जुलै २०२४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. चाईच्या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते, आणि तीव्र प्रकारात सारे डोके, भुवयासुद्धा जातात. त्या रोग्यांना औषध मिळाले याचा आनंदच आहे. पण भारतीय भांडवलाची झेप कोणत्या गिऱ्हाइकाच्या दिशेने होती हेही नोंदले पाहिजे.

त्याच हिवाळ्यात नव्हे, पण पुढच्याच हिवाळ्यात ज्यांचे केस गेले ती माणसे कोणाचीच गिऱ्हाइके नव्हती. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत प्रथम डोके खाजू लागले, मग केस हाताला येऊ लागले, आणि तीन-चार दिवसांत डोकी उघडी पडली. बायका, पुरुष, शाळकरी मुले. प्रारंभी बुरशीचा संशय घेतला गेला, पाणी तपासले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. दरम्यान या गावांतल्या माणसांकडे शेजारपाजारचे लोक रोगट म्हणून पाहू लागले, मुलांना शाळेत जाण्याची लाज वाटू लागली. मग महाडहून तेच डॉ. बावस्कर तेथे गेले. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू स्वखर्चाने तपासून घेतला, आणि सांगितले की पंजाबातून आलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कित्येक पटींनी अधिक आहे, तोच दोषी आहे. एप्रिलमध्ये त्याच भागातून नखे गळाल्याच्या बातम्या आल्या. सेलेनियमच्या विषबाधेचे तेही एक ज्ञात लक्षण आहे.

पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम फार आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. त्यावर प्रबंध आहेत. पण ते ज्ञान खरेदी केंद्रापर्यंत, गोदामापर्यंत, रास्त भाव दुकानाच्या तराजूपर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा कोणी निर्माण केली नाही. औषध त्वचेच्या भिंतीतून पोहोचावे म्हणून जगातले उत्तम रसायनशास्त्रज्ञ राबतात. गव्हाच्या पोत्यातले विष माणसापर्यंत पोहोचू नये म्हणून एक प्रयोगशाळा तालुक्याला मिळत नाही. बोंडगावच्या केसांना नॅनोकण नको होते. पीठ बदलायला हवे होते.

मग आपण करायचे काय? टकलावरील संशोधन बंद करा, ही मागणी मूर्खपणाची होईल. कायद्यात जे आहे ते तरी अमलात आणा, ही मागणी मात्र आजच करता येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ‘जे’ अनुसूचीत टक्कल आणि नवे केस उगवणे या दोहोंचा उल्लेख आहे. औषध ते बरे करते किंवा घडवते असा दावा करता येत नाही. हा नियम वाचून कोणीही आपल्या गावातल्या भिंती, रिक्षांच्या पाठी आणि स्थानिक वाहिन्यांच्या जाहिराती पाहाव्यात. अन्न व औषध प्रशासनाला छायाचित्रांसह लेखी तक्रारी गेल्या पाहिजेत, आणि पोच घेतली पाहिजे. महापालिकेच्या रुग्णालयात सिद्ध झालेला उपचार शासनाने उपजिल्हा रुग्णालयांच्या त्वचारोग तपासणीत आणावा, औषध मूळ नावाने द्यावे. कर्जाच्या हप्त्यात अडकलेल्या तरुणाला निदान खरे काय नि खोटे काय हे सांगणारा डॉक्टर तरी भेटेल. केमोथेरपीने केस गेलेल्या स्त्रियांचाही विचार त्यातच यावा.

रेशनच्या धान्याबाबत थांबण्याचे कारण नाही. बरड, आसू, गिरवी येथल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत ठराव मांडावा की, बाहेरील राज्यातून आलेल्या गव्हाची जड धातू आणि सेलेनियम यांसाठी तपासणी होऊन तिचा अहवाल दुकानाच्या फळ्यावर मराठीत लावला जावा. तोवर दर नव्या खेपेचा नमुना पंचांसमक्ष घ्यावा, पोत्यावरील खरेदी वर्ष आणि राज्याचे नाव टिपून ठेवावे, नमुन्याचे दोन भाग करून मोहोरबंद करावेत. एक तहसीलदारांच्या पुरवठा शाखेत द्यावा, दुसरा गावात ठेवावा.